मास्तर

'मास्टर ऑफ पपेट्स'ला मी मास्तर म्हणतो. मेटॅलिका या थ्रॅश मेटल बँडचा हा तिसरा अल्बम, ३ मार्च १९८६ रोजी आलेला. गाणी आठ, वेळ जवळजवळ पंचावन्न मिनिटं.

मास्तर वर्गात शिरतात ते पाय न वाजवता. 'बॅटरी'च्या सुरुवातीला साध्या अकूस्टिक गिटारी हलकेच एकमेकींत मिसळत जातात. नवख्याला वाटतं, कॅसेट चुकून दुसरीच लावली. मग तेच सूर इलेक्ट्रिक गिटारींवर जडशीळ होऊन येतात, आणि पाठोपाठ छडी.

थ्रॅशला गोंगाट म्हणणाऱ्यांशी मी पूर्वी तावातावाने भांडायचो. आता त्यांना एवढंच सांगतो, बँडचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डचा उजवा हात बघा. गिटारच्या तारेवर पिक एकदा खाली, एकदा वर असं फिरवलं की निम्मे कष्ट वाचतात. पण वर जाणारा आघात थोडा हलका पडतो. हेटफिल्डला तो हलकेपणा नको असतो. म्हणून अल्बमच्या नावाचं जे गाणं आहे, त्यातल्या मुख्य रिफला, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या सुरावटीला, तो जवळपास प्रत्येक आघात वरून खालीच देतो, तोही त्या भन्नाट वेगात. मी हे घरी करून पाहिलं आहे. दुसऱ्या मिनिटाला मनगटापासून कोपरापर्यंत हात दगड होतो, तिसऱ्याला लय सुटते. गाणं साडेआठ मिनिटांचं आहे. याला रियाजच म्हणतात.

त्याच गाण्यात साडेतीन मिनिटांच्या सुमारास सगळा खडखडाट थांबतो. गिटारींचा आवाज एकदम स्वच्छ होतो, सूर एकामागून एक ठिबकू लागतात, दोन गिटारी हातात हात घालून गातात. तिथला संथ, हळवा सोलो बहुतेकांना बँडचा दुसरा गिटारवादक कर्क हॅमेटचा वाटतो. तो हेटफिल्डचा आहे. वरून खाली आघात देणारा तोच हात इथे इतका मऊ होतो. मला मास्तर खरे कळले ते इथे.

त्यांचा संताप कधीच मोघम नसतो. या गाण्यातला 'मास्टर' म्हणजे नशा, आणि कठपुतळी तिच्या दोरीवर नाचणारा माणूस. 'डिस्पोजेबल हीरोज'मध्ये मरायला पाठवलेला कोवळा सैनिक आहे, 'लेपर मसायाह'मध्ये टीव्हीवरून देवाच्या नावाने पैसे उकळणारे धर्मोपदेशक. मुखपृष्ठावर पांढऱ्या क्रुसांचं कब्रस्तान आहे, प्रत्येक क्रुसाला दोरी, आणि वर लाल आभाळात त्या दोऱ्या धरणारे दोन हात.

ही सगळी गाणी १९८५च्या शेवटच्या महिन्यांत कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत फ्लेमिंग रासमुसेनच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रित झाली. बँडमधले चौघेही पंचविशीच्या आतले. त्यांतला बेस वाजवणारा क्लिफ बर्टन बाखचा भक्त होता. सातवं गाणं 'ओरायन' ऐकताना ते जाणवतं. त्यात एकही शब्द नाही. मध्यावर सगळे वाजवायचे थांबतात, क्लिफचा बेस एकटाच एक डुलती लय धरतो आणि गिटारी दबक्या पावलांनी त्याच्यामागे येतात. अल्बम येऊन सात महिनेही झाले नव्हते, तेव्हा, २७ सप्टेंबर १९८६च्या पहाटे, स्वीडनमध्ये दौऱ्यावरची बस उलटली आणि क्लिफ गेला. चोवीस वर्षांचा होता. त्याच्या अंत्यविधीला 'ओरायन' वाजवलं गेलं. ते वाजत असताना मी अजूनही बोलत नाही.

पुढे मानसन्मान झाले. २०१६ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत या अल्बमची निवड जाहीर केली, मेटलमधून पहिल्यांदाच. पण मास्तरांची ओळख अशी यादीतून होत नाही. एखाद्या संध्याकाळी हेडफोन लावा, 'बॅटरी'पासून सुरू करा, आणि 'डॅमेज इन्क.' संपेपर्यंत मध्ये एकही गाणं गाळू नका. तासभराच्या आतलं काम आहे.