परत येण्याचा पुरावा

२०२५ च्या मार्चमध्ये अम्मीचा पासपोर्ट पाकिटातून परत आला. सोबत नकाराचा फॉर्म होता. शेंगेन देशांचा हा फॉर्म सगळीकडे एकच. कारणे आधीच छापलेली असतात, अधिकाऱ्याने फक्त चौकटीत खूण करायची. अम्मीच्या फॉर्मवरची खूण अशा कारणापुढे होती की, व्हिसाची मुदत संपण्याआधी अर्जदार आपल्या देशी परत जाईल याबद्दल रास्त शंका आहे.

आम्ही मराठीत समजावून सांगितले. अम्मी तांदूळ निवडत होती.

"म्हणजे मी तिकडेच राहीन असं त्यांना वाटतं?"

"हो."

"आणि बकरीला चारा कोण घालणार?"

तिला हसू आले. आम्हाला आले नाही. धाकट्या बहिणीचे पहिले बाळंतपण जवळ आले होते आणि तिथे तिच्याजवळ नवऱ्याखेरीज कोणी नव्हते. एप्रिलात मुलगी झाली. जावयाने बाळाच्या कानात दिलेली अजान अम्मीने मोबाईलवर ऐकली. पदर डोक्यावर घेऊन, फोन कानाशी धरून ती बसली होती. फोन बंद झाल्यावरही बराच वेळ तशीच होती.

आमचे घर आरे कॉलनीत. शहरातले म्हशींचे तबेले बाहेर हलवायचे म्हणून १९४९ मध्ये ही वसाहत उभी राहिली. अब्बा दुग्धविकास खात्यात नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडले आणि जवळच्या वस्तीत दोन खोल्या केल्या. खोल्या आमच्या, जमीन सरकारची. लाइट बिल आहे, रेशनकार्ड आहे, मतदानाचे कार्ड आहे; घर आपले असल्याचा दाखला नाही. इथल्या पाड्यांवरचे आदिवासी तर कॉलनीच्याही आधीपासूनचे, त्यांच्यातल्या कितीतरी जणांकडे असा कागद नाही. व्हिसाच्या यादीत मात्र नोकरी, बँकेचे सहा महिन्यांचे उतारे आणि मालमत्तेचे कागद मागतात. हिशेब असा की ज्याची मालमत्ता आहे तो तिच्या ओढीने परत येतो. आम्हाला उलटे वाटते. ज्याची दोन शहरांत घरे आहेत तो तिसऱ्या ठिकाणीही राहू शकतो. अम्मीला या दोन खोल्यांखेरीज जाणार कुठे?

आमचे दादा रत्नागिरीकडचे, जहाजावर खलाशी. हॅम्बुर्ग, रॉटरडॅम, अँटवर्प ही नावे आम्ही भूगोलाच्या पुस्तकाआधी त्यांच्या तोंडून ऐकली. त्यांच्याजवळ खलाशाचा दाखला असे, गुंडाळी करून पत्र्याच्या नळीत ठेवलेला. जहाज बंदराला लागले की उतरायचे, चहा पिऊन, घरच्यांसाठी साबण घेऊन परत चढायचे. त्यांच्यावर तेव्हा विश्वास होता असे मात्र कोणी समजू नये. त्या काळच्या हिंदी खलाशांच्या करारातच त्यांना परत हिंदुस्थानात आणून सोडायची अट असे आणि ती जबाबदारी कंपनीची. दादांची हमी कंपनीने घेतली होती. अम्मीची कोण घेणार?

एका नातलगाने व्हॉट्सॲपवर कळवले, "आता व्हिसाची गरज नाही. २० युरो भरा, ऑनलाइन परवानगी मिळते." आमच्या ओळखीच्या एकाने त्यासाठी एजंटाला पैसेही दिले होते. ही परवानगी, एटियास तिचे नाव, ज्यांना मुळात व्हिसा लागत नाही अशा अमेरिका-ब्रिटनसारख्या देशांच्या नागरिकांसाठी आहे आणि २०२६ च्या अखेरीस सुरू करायचे युरोपीय संघाने जाहीर केले आहे. भारतीय पासपोर्टवाल्याचा तिच्याशी संबंध नाही. आपल्याला व्हिसाच लागतो. त्याची फी ९० युरो, म्हणजे आजच्या भावाने नऊ हजारांच्या वर. नकार आला तरी ती परत मिळत नाही.

सप्टेंबरमध्ये पुन्हा अर्ज करायचे ठरले. पासपोर्ट हजच्या वेळी काढलेला होता. शेंगेनसाठी तो गेल्या दहा वर्षांतला हवा आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा हवा, म्हणून नवा करून घेतला. मग नावांचा घोळ निघाला. बहिणीच्या जन्मदाखल्यावर अम्मीचे नाव एक, पासपोर्टवर दुसरे. दोन्ही बायका एकच, हे सांगणारा कागद एकच होता, निकाहनामा, आणि तो उर्दूत. आम्ही दोघे उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, रोज पन्नास मुलांच्या उर्दूच्या चुका काढतो. पण आईच्या निकाहनाम्याचा आम्ही केलेला तर्जुमा चालत नाही. त्याला शिक्क्याचा अनुवादक लागतो. त्याने मेहेरची रक्कम चुकीची लिहिली होती, ती आम्ही दुरुस्त केली आणि त्याने शिक्का मारला. जन्मतारीख तर १ जून. शाळेत नाव घालायला आलेल्या मुलाची तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून टाकत. आमच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात अर्धा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला आहे.

उरले पत्र. परत का येणार, ते अर्जदाराने लिहून द्यायचे. आम्ही वही घेऊन बसलो.

"सांग अम्मी, काय काय आहे तुझं इथं?"

तिने सांगितले. अब्बांची कबर, दर जुम्याला ती तिथे माणूस पाठवते आणि शबेबरातीला फुले. बकरी. दारातला कढीपत्ता. शेजारच्या ताईचा मुलगा, तो शाळेतून आला की तिच्याकडे जेवतो. पेन्शनच्या हयातीचा दाखला, तो नोव्हेंबरात द्यावाच लागतो. आम्ही इंग्रजीत लिहीत गेलो: कौटुंबिक निवृत्तिवेतन, सामाजिक संबंध, धार्मिक कर्तव्ये. बकरी कुठे घालावी ते सुचले नाही.

मग विम्याचा कागद निघाला. प्रवासाचा विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. त्यात आजारपण, इस्पितळ आणि मृत्यू आल्यास माणसाला मायदेशी पोचवण्याचा खर्च धरलेला असतो. अम्मीने विचारले म्हणून हेही वाचून दाखवले.

"मेले तर इथं आणून देतात?"

"हो."

"मग तेच लिहा की. मेले तरी परत येईन."

हजला निघताना हीच अम्मी म्हणत होती की मक्केत मौत आली तर नशीब समजा. आम्ही ते वाक्य लिहिले नाही. लिहायला हवे होते, असे आता वाटते.

अर्ज द्यायला मेट्रोने गेलो. २०१९ च्या ऑक्टोबरात हिच्याच कारशेडसाठी आरेतली झाडे रातोरात पडली होती. त्या झाडांसाठी आम्हीही रस्त्यावर उभे होतो, आणि आता गाडी गार आहे म्हणून अम्मी खूश होती. व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे उठेनात. भांडी आणि शेण यांत रेषा झिजलेल्या. तिथल्या मुलीने ओल्या कागदाने बोटे पुसून, न कंटाळता, पाचव्या खेपेला ठसे घेतले. अम्मीने तिला दुआ दिली.

या वेळी व्हिसा मिळाला. तीस दिवसांचा. कोणत्या कागदाने काम झाले, देव जाणे. डिसेंबरात अम्मी गेली. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सीमेवर येण्याजाण्याची नोंद यंत्रात करायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली आहे, त्यासाठी तिचा फोटो काढला. नात आठ महिन्यांची झाली होती. पहिले दोन दिवस ती अम्मीला पाहून रडली. तिसऱ्या दिवशी मांडीवर झोपली.

परतीचे तिकीट चोविसाव्या दिवसाचे होते. बहीण रडून म्हणाली, "अजून सहा दिवस आहेत, तिकीट बदलू या." अम्मी ऐकेना. "पत्रात तारीख लिहून दिली आहे," म्हणाली.

आली ती सकाळी. बॅग दारात ठेवून आधी बकरी पाहिली.

आता ती आम्हाला एक हिशेब विचारते. १८ एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्यांसाठी नियम आहे की तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरले तर पुढचा दोन वर्षांचा, वाटेल तेव्हा जाण्यायेण्याचा मिळू शकतो. अम्मीचा एक झाला.