आली... गेली... आली!

पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. एकोणतिसाचा पाढा विसरलो, पण तारांचा हा क्रम झोपेतही सांगेन. 2003 साली पुण्यातल्या आमच्या हॉस्टेलात नेटवर्क म्हणजे ही आठ तारांची केबल आणि वर्गणी काढून आणलेला क्रिम्पर. केबल खिडकीच्या गजांतून गॅलरीत यायची आणि वाळत घातलेल्या बनियनांच्या सोबतीने पुढच्या खोलीत जायची. दुसऱ्या विंगेत न्यायची तर शंभर मीटरची मर्यादा आडवी यायची, म्हणून मध्ये स्विच. तो ज्याच्या कॉटखाली, त्याची मिजास सगळे सांभाळायचे. तो गावी निघाला की आधी किल्ली मागून घ्यायची.

पुढे कुणीतरी दोन शिंगांचा निळा-काळा राउटर आणला. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारने जानेवारी 2005मध्ये परवानामुक्त केला, हे आमच्या गावीही नव्हतं. दीड फुटी दगडी भिंत ओलांडली की रेंज मरते, एवढंच कळायचं. नियोजन कसलं? एकाने राउटर लोखंडी कपाटावर चढवायचा, दुसऱ्याने विंगेतला एकुलता एक लॅपटॉप उघडा धरून गॅलरीभर फिरायचं आणि ओरडायचं, ‘आली... गेली... आली!’ शेवटी जागा सापडली ती जिन्याच्या वळणावर. सबमिशनच्या आदल्या रात्री त्या पायऱ्यांवर एका लॅपटॉपभोवती आठ-दहा डोकी असायची.

आता हेच माझं पोटापाण्याचं काम. मजल्याचा आराखडा संगणकावर घ्यायचा, भिंत विटेची की काँक्रीटची ते भरायचं, की रेंजचा रंगीत नकाशा तयार. मधल्या काळात पॅसेजच्या छताला ओळीने ॲक्सेस पॉइंट टांगायची पद्धत होती. पॅसेजमध्ये रेंज ओसंडायची, खोलीत ठणठणाट. शिवाय 2.4मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प थांबायचं. थेट आमच्या रेक्टरच्या ऑफिसातला फोन! आणि मोकळ्या पॅसेजमुळे या टोकाचा पॉइंट त्या टोकाच्यालाही ऐकू जातो, म्हणजे थांबणारे आणखी वाढले. म्हणून आता 5 गिगाहर्ट्झचे छोटे पॉइंट खोल्यांच्या आतच बसवायचे आणि त्यांचा जोर मुद्दाम कमी ठेवायचा. ज्या भिंतींना आम्ही शिव्या घातल्या, त्याच आता शेजारच्या खोलीचा गोंगाट अडवतात.

मध्यंतरी एका जुन्या हॉस्टेलची पाहणी केली. जिन्याचं वळण नकाशावर लालभडक. सोबतचा मुलगा म्हणाला, “सर, इथे राहू दे. इथे कोण बसतंय?” तरी मी तिथे एक पॉइंट टाकला. अंदाजपत्रकात पहिली कात्री त्यालाच लागली. मी वाद घातला नाही. पाहणीच्या तासाभरात त्या जिन्यात खरंच कुणी थांबलं नव्हतं.