हरेगावची दोन दारं

रात्रपाळी संपवून तसाच निघालो. केसांत कापूस होता. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ मागं टाकून एस. टी. श्रीरामपूरला आली. तिथून हरेगाव.

आमच्या घरात हरेगावचं नाव दोन कारणांनी निघायचं. एक मोठ्यानं. 16 डिसेंबर 1939 ला बाबासाहेब इथं आले होते. सरकारनं वतनी जमिनीवरची जुडी वाढवली म्हणून वतनदार महार, मांग, वेठियांची परिषद भरली होती. बेलापूर कंपनीच्या उसात राबणारा माझा पणजोबा त्या गर्दीत उभा होता. दुसरं कारण हळू आवाजात. पणजोबाचा थोरला भाऊ इथंच बाटला. छप्पनला पणजोबा बौद्ध झाला. एका महारवाड्यातून दोन भाऊ दोन दारांनी बाहेर पडले आणि मग दोन्ही घरं एकमेकांना दार उघडेनात.

मीही काही कमी नव्हतो. शाळेत असताना चुलत आत्याच्या पोराला ‘दूधपावडरवाला’ म्हणून चिडवलंय. आज त्याच आत्यानं बोलावलं होतं.

रविवार होता. चर्चमध्ये बायका डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. पेटी, तबला, मराठी गाणी. चेहरे सगळे आपलेच. रापलेले, हातांना घट्टे पडलेले. सप्टेंबरात इथं मतमाउलीची यात्रा भरते तेव्हा हजारोंनी लोक येतात, ख्रिस्ती नसलेलेही नवस बोलतात. मी बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस. मागं भिंतीला टेकून उभा राहिलो. हात जोडले नाहीत. कुणी जोडायला सांगितलेही नाहीत.

बाहेर आल्यावर आत्याला म्हणालो, लहानपणी आम्ही तुम्हांला फार बोललो.

आत्या हसली. “पावडर खाल्ली रं आमी. दुष्काळ व्हता. पण आमच्या सासऱ्यानं त्यातली निम्मी तुह्या आज्याच्या घरी धाडली व्हती. त्ये तुला कुनी सांगितलं न्हाई.”

खरंच कुणी सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, इथं आल्यावर जात गेली का? आत्या म्हणाली, “देवापुढं गेली. सोयरीक जुळवताना परत येती. मांगाचं घर का महाराचं, इचारत्यात.” मी गप्प. आपल्या विहारात तरी काय वेगळं चालतं? मातंगाची पोरगी सून म्हणून आणायची म्हटलं की आपल्या किती घरांत त्रिशरण आठवतं?

मी मोबाईल काढला. चर्चसमोर तिघांचा फोटो घेऊ म्हटलं. आत्याचा पोरगा चटकन बाजूला झाला.

“दादा, फोटो नको. जात पडताळणीला प्रकरण पडलंय.”

त्याच्या शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ आहे. चर्चच्या वहीत नाव वेगळं आहे. गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत. आईनं दिलेलं नाव रविवारचं, सरकारनं मानलेलं नाव सोमवारचं. एवढं सांभाळून पोरगं शिकतंय.

1950 च्या आदेशानं अनुसूचित जात फक्त हिंदूंना दिली. 1956 ला शीख आत घेतले. आपल्याला, बौद्धांना, केंद्रात 1990 उजाडावं लागलं. चौतीस वर्षं आपण दाराबाहेर उभे होतो, हे आपण किती लवकर विसरलो! महारातून किंवा मांगातून ख्रिस्ती झालेला आजही बाहेरच. त्याला ओबीसीच्या यादीत बसवलंय. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदाही त्याला लागू होत नाही.

25 ऑगस्ट 2023 ला याच हरेगावात शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून चार दलित पोरांना नागडं करून झाडाला उलटं टांगलं, मारलं. टांगणारे कुठं धर्म विचारतात? त्यांना महारवाडा-मांगवाडा ओळखू येतो, तेवढं पुरतं. धर्म नंतर विचारला जातो. फिर्याद लिहिताना. कायद्याकडून.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, वाटेकरी वाढतील, आपल्या ताटातलं कमी होईल. गिरणीतही हेच ऐकतो. बदली कामगाराला कायम करा म्हटलं की कायमवाल्यांच्या पोटात गोळा येतो. मालकाला तेच हवं असतं. ताट लहान असेल तर मोठं मागू. पणजोबाच्या सख्ख्या भावाचा वंश ताटावरून उठवून मी कसला भीमसैनिक?

आजवर मी पाच-सहा मोर्च्यांची पत्रकं लिहिली. त्यांत ही मागणी एकदाही लिहिली नाही. बाबासाहेब ज्या गावात मांगांना, वेठियांना बरोबर घेऊन बोलले, त्या गावात उभं राहून हे आठवलं आणि मान खाली गेली.

एस. टी. सुटताना पोरगं खिडकीशी आलं. म्हणालं, “जयभीम दादा. लिहिलंस तर माझं नाव टाकू नको.”

शे-दीडशे प्रती निघणारा आपला हा अंक. त्यातही त्याला आपल्या नावाची भीती वाटते. म्हणून त्याचं नाव इथं नाही. दोन्हीही नाहीत.