ॲव्हरेज किती देते?

गाडी कुठलीही असो, मराठी माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला. मग ती बर्फावर का धावेना! मिनेसोटात स्नोमोबाइल घ्यायचं ठरलं तेव्हा मीही हाच प्रश्न विचारला आणि ऑफिसातली मंडळी खो-खो हसली.

स्नोमोबाइल म्हणजे पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा आणि मधे आपण. गुलमर्गला ज्यांनी भाड्याने फेरी मारली असेल त्यांना कल्पना आहे. इथे मात्र तिचं अक्षरशः वेड आहे. राज्यात २२ हजार मैलांच्या आसपास ट्रेल आहेत. पोलारिस १९५४ मध्ये इथल्याच रोझोमध्ये जन्मली, आर्क्टिक कॅट थीफ रिव्हर फॉल्सची. त्यामुळे मी कॅनडाची स्की-डू बघतोय म्हटल्यावर टीममध्ये मला जवळपास फितूर ठरवण्यात आलं.

पण घराजवळ सेकंडहँड मिळत होत्या त्या याच. दोन्ही रेनेगेड, एकाच वर्षाच्या, दिसायला जुळ्या बहिणी. फरक पोटात. एकीत ६०० सीसीचं टू-स्ट्रोक, सुमारे १२५ हॉर्सपॉवरचं. दुसरीत ९०० सीसीचं फोर-स्ट्रोक, साधारण ९५चं. किमतीत अंतर फक्त ४०० डॉलर. आता बोला!

टू-स्ट्रोक सुरू केली आणि तो वास आला, थेट आरएक्स १०० आठवली. हलकी, चपळ, जाम मजा. पण पेट्रोलबरोबर ऑइलही पिणार. फोर-स्ट्रोक शांत, कमी पिणारी, जास्त मैल टिकणारी. फक्त अंगाने जड. भुसभुशीत बर्फात रुतली तर उपसताना कंबर मोडेल. मी तयार ट्रेलवरच फिरणार, म्हणजे तो प्रश्न जवळपास मिटला.

बायकोने मात्र मायलेज, पॉवर काहीच विचारलं नाही. म्हणाली, "जंगलात बंद पडली तर तू परत कसा येणार?"

बॉस, इथे खरं टेन्शन होतं. उणे २५ अंश, मोबाइलला रेंज नाही, रस्ता दहा-बारा मैल लांब. टू-स्ट्रोकला ओढायची दोरी होती, गणपती मंडळाच्या जनरेटरसारखी. फोर-स्ट्रोक फक्त बॅटरीवर. बॅटरी झोपली की आपणही तिथेच. म्हणजे जिचं इंजिन जास्त टिकणार तीच ऐन थंडीत दगा देऊ शकते.

मग एका रविवारी टॉर्च घेऊन दोन्ही गाड्यांखाली आडवा झालो. पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर सरकतो, त्यांना वंगण बर्फाचंच. पट्टा जो बर्फ उडवतो, त्यानेच इंजिनही थंड राहतं. २०२३-२४चा हिवाळा इथे कोरडाच गेला. तरीही ज्यांनी टणक बर्फावर गाड्या हाणल्या, त्यांच्या खुणा खाली सापडतात. टू-स्ट्रोकच्या पट्ट्या पार झिजलेल्या, पट्ट्याचे दातही दोन-तीन ठिकाणी तुटलेले. दुसरीच्या जवळपास नव्या. मालक निवृत्त शिक्षक, सर्व्हिसच्या पावत्या तारखेवार फाइलमध्ये! अशा माणसाची गाडी डोळे मिटून घ्यावी, असं माझं प्रामाणिक मत आहे.

बेल्टही बघितला. किनेटिक होंडा चालवलेल्यांना हा प्रकार पाठ असेल: गिअर नाहीत, व्हेरिएटर आणि रबरी बेल्ट. तो तुटला की सगळं जागच्या जागी. म्हणून सुटा बेल्ट सोबत हवाच. तो बदलायला मी त्यांच्याच गॅरेजमध्ये शिकलो, हातमोजे घालून. तसं जमलं नाही तर उणे २५मध्ये अजिबात जमणार नाही.

फोर-स्ट्रोकच घेतली. बॅटरी नवी टाकली, खिशात मावणारा जंप स्टार्टर घेतला (तो जॅकेटच्या आत ठेवायचा, थंडीत तोही झोपतो). एकटं जायचं नाही, ही बायकोची अट मान्य केली. शेवटी पुणेरी घासाघीस. गुरुजी ४०० डॉलरवरून एक पैसा खाली आले नाहीत, पण सुटा बेल्ट आणि कव्हर फुकट दिलं.