नासणे आणि मुरणे

'नासणे' आणि 'मुरणे' ही मराठीतील दोन क्रियापदे मोठी अर्थपूर्ण आहेत. पदार्थ पहिल्यासारखा राहिला नाही, एवढेच दोन्ही सांगतात. पण नासलेला आपण उकिरड्यावर टाकतो आणि मुरलेला पाहुण्याच्या पानात कौतुकाने वाढतो. हा भेद जाणण्यातच स्वयंपाकाची निम्मी विद्या आहे, असे मला वाटते.

या विचारास निमित्त झाला तो जपानचा 'मिसो'. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने तिकडून त्याचा लहानसा डबा आणला होता. भंडारा जिल्ह्यातील करडीस, आमच्या घरी, मी तो घेऊन गेलो. चिंचेच्या गोळ्यासारखा तो तांबूस लगदा नाकाशी नेऊन वहिनींनी विचारले, "भाऊजी, हे नासलं का मुरलं?"

प्रश्न मार्मिक होता. कारण मिसोची सुरुवातच बुरशीपासून होते. वाफवलेल्या तांदळावर एक विशिष्ट बुरशी मुद्दाम वाढवितात; अशा तांदळास 'कोजी' म्हणतात. मग शिजवून ठेचलेले सोयाबीन, मीठ आणि कोजी एकत्र कालवून पिंपात घट्ट दडपून ठेवितात. बुरशीतील पाचक द्रव्ये दाण्यातील प्रथिने हळूहळू फोडतात व त्यांतून रुची उत्पन्न होते; मीठ कुजण्यास आवर घालते. क्योतोकडचा गोडसर पांढरा मिसो काही आठवड्यांत तयार होतो. ओकाझाकीच्या 'हाच्चो' मिसोत तांदूळ मुळीच नसतो; तो मोठ्या लाकडी पिंपांत, वर दगडांची रास रचून, दोन वर्षांहून अधिक काळ मुरवितात. या बुरशीचे उपकार जपानी लोक इतके मानतात की, 2006 साली तेथील मद्यशास्त्रज्ञांच्या संस्थेने तिला 'राष्ट्रीय बुरशी' म्हणून गौरविले.

तांदूळ, सोयाबीन, मीठ. यांतील आपणांस परके काय आहे? भात तर आमच्या भंडाऱ्याचे जीवनच. सोयाबीन 1935 साली गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीतील मंडळींच्या आहारात घालून पाहिले होते. पुढे त्या शतकाच्या अखेरीस पश्चिम विदर्भातील शेतेच्या शेते त्याने व्यापली. पण दाणा शेतात आला, तसा चुलीपर्यंत आला नाही. त्याचे तेल आपण घेतो आणि पेंड बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यास जाते. पीक आले, पिकाबरोबरची विद्या मागे राहिली. ती विद्या आपल्याच देशात आहे. नागालँडची अखुनी, मणिपूरचे हवाइजार, सिक्कीमचा किनेमा ही सारी आंबविलेल्या सोयाबीनचीच रूपे आहेत.

मात्र आंबविण्याची कला आपणांस ठाऊक नाही, असे कोण म्हणेल? दही, आंबील आणि लोणचे ज्या घरात होते, तेथे ती नांदतेच. आमच्या करडीच्या घरात आईची चिनी मातीची मोठी बरणी होती. कैरीची फोड किती कोरडी असावी, मीठ कोणत्या मुठीने घालावे, फडके केव्हा बदलावे, हे तिने कधी कागदावर उतरविले नाही. ते तिच्या बोटांत होते. ती गेल्यावर वहिनींनी दोन उन्हाळे निष्ठेने बरणी भरली. साहित्य तेच, परंतु फोडी मऊ पडल्या. आता बरणी फडताळात पालथी आहे आणि लोणचे बाजारातून येते.

जपानातही हेच झाले आहे. आत्मस्तुतीला त्यांच्या भाषेत 'तेमाए-मिसो', म्हणजे 'आपल्या घरचा मिसो', असे म्हणतात. आपला तो बाब्या म्हणण्यातलाच हा प्रकार! एके काळी घरोघरी मिसो निराळा होता आणि प्रत्येकास स्वतःच्या पिंपाचा अभिमान होता, याची ही साक्ष. आज तेथेही बहुतेक घरांत मिसो दुकानातूनच येतो. म्हण राहिली, पिंप गेले.

कारखान्याचा पदार्थ वाईट असतो, असे मला म्हणावयाचे नाही. तो स्वच्छ असतो, सोयीचा असतो. पण नासणे कोठे संपते आणि मुरणे कोठे सुरू होते, ही पारख कारखाना आपल्या वतीने करू लागला की घरातली पारख एका पिढीत नाहीशी होते. ती पुस्तकातून परत मिळविणे कठीण, हे जन्मभर पुस्तकांत राहिलेला माणूस सांगत आहे. म्हणून ज्यांच्या घरी आजही एखादी बरणी मुरत असेल, त्यांनी केवळ चवीपुरते झाकण उघडू नये. पुढच्या उन्हाळ्यात ती भरणाऱ्या हातांशेजारी एक दुपार बसावे.