सनाइयातली दोन सीटांची गाडी

शारजातले लोक औद्योगिक वसाहतीला 'सनाइया' म्हणतात. शब्द अरबी आहे, पण पठाण, मल्याळी, बंगाली आणि आपले रत्नागिरीकर अशा सगळ्यांच्या तोंडी तो बसला आहे. मे २०२४ च्या सुट्टीत मी धाकट्या भावाकडे गेले, तेव्हा किंग फैसल मशीद, रोल्लाचा बाजार आणि १९८६ साली मियाँदादने शेवटच्या चेंडूवर षटकार मारला ते स्टेडियम बघायचं ठरवलं होतं. स्टेडियम रस्त्यावरूनच दिसलं. निम्मी सुट्टी सनाइयात गेली.

कारण गाडी. भावाने महिन्याभरापूर्वी जुनी माझदा एमएक्स-५ घेतली होती. १९९५ ची, लाल, कापडी टपाची, दोनच सीटांची. त्याची बायको आणि दोन मुलं गावी. निघताना अम्मीने मला बजावलं होतं, "त्याला नीट समजाव. गाडी विकून टाक आणि घराचा स्लॅब पुरा कर म्हणावं." मी 'हो' म्हणून विमानात बसले होते.

भाऊ एकोणीस वर्षं तिथे एसी दुरुस्तीचं काम करतो. इतकी वर्षं कंपनीच्या बसने गेला-आला. ही गाडी हिरोशिमाच्या कंपनीने १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली, दहा लाखावी गाडी २०१६ मध्ये बाहेर पडली, हे तो मला विमानतळावरून येतानाच सांगू लागला. दहावीला इतिहासात त्याला जेमतेम पस्तीस गुण होते.

गाडीच्या किरकोळ कुरबुरी त्याने वहीत लिहून ठेवल्या होत्या. पुढचे दिवे बटण दाबल्यावर वर उघडतात, त्यातला डावा उघडतच नव्हता. रस्त्याने गाडी एक डोळा मिटून चालल्यासारखी दिसे. क्लच मऊ पडला होता. उजवी काच इतकी हळू वर जायची, की तेवढ्यात एक छोटी सूरह म्हणून व्हावी. मागची खिडकी प्लॅस्टिकची, ती उन्हाने पिवळी पडलेली. हे सगळं विकणाऱ्याने आधी सांगितलं होतं. एक मात्र सांगितलं नव्हतं. सीटखालचा गालिचा ओला होता आणि त्याला कुबट वास येत होता.

तेवढ्यावरून भावाची झोप उडाली होती. १६ एप्रिलला तिथे एका दिवसात असा पाऊस झाला, की शारजाचे रस्ते आठवडाभर पाण्याखाली होते. पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात आल्याच्या बातम्या रोज येत होत्या. अशी गाडी आज चालते, पण आतल्या तारा हळूहळू गंजतात. ही त्यातली निघाली, तर त्याचे पैसे बुडाले. आणि मग अम्मीचा निरोप सांगायची गरजच राहणार नव्हती. खरं सांगते, क्षणभर मला ते बरंही वाटलं.

मिस्त्री पेशावरचा पठाण, साठीचा. मला 'बाजी' म्हणून त्याने पंख्यासमोर खुर्ची दिली आणि करक चहा मागवला. मग सीट काढल्या, गालिचा उचलला. आधी सीटचे रूळ पाहिले, दाराच्या आतली बाजू पाहिली, स्टेअरिंगखाली टॉर्च मारून तारांची जोडणी पाहिली. पूर आला की चिखल आधी अशा अडचणीच्या जागी बसतो आणि तो कुणाच्या हाताने निघत नाही, असं तो बोलत होता. भाऊ काहीच बोलत नव्हता. त्याला मी असा दहावीच्या निकालाच्या दिवशी पाहिला होता.

चिखल नव्हता. पठाणाने बाटलीभर पाणी टपाच्या मागच्या कोपऱ्यात ओतलं. तिथे सीटमागे दोन्ही बाजूंना एकेक भोक असतं, टपावरचं पाणी त्यातून नळीने मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर पडायला हवं. एका बाजूचं पडलं. दुसऱ्या बाजूचं तुंबलं आणि गालिच्याच्या जागी उतरलं. पठाणाने गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी भोकात घातली, खालीवर केली. वाळू आणि धुळीचा काळा गोळा बाहेर आला, लिंबाएवढा. पाणी खालून नव्हे, वरून आलं होतं. भाऊ गॅरेजच्या दाराशी जाऊन थोडा वेळ पाठमोरा उभा राहिला.

ऐब लपवून माल विकू नये, हे आपण वर्गात मुलांना शिकवतो. मी विकणाऱ्याबद्दल तसं म्हणाले, तर भाऊ म्हणाला, "आपा, भोकात वाळू बसलीय हे त्याला तरी कुठे माहीत असणार?" तो सुटकेचा उदारपणा होता, पण खोटा नव्हता.

बाकीची कामं झपाट्याने झाली. क्लचच्या खालच्या सिलिंडरमधलं रबर झिजलं होतं, या गाडीचं हे नेहमीचंच दुखणं म्हणे. मिटलेल्या दिव्याच्या मोटरवर रबरी टोपीखाली एक गोल खुंटी असते, ती बोटांनी फिरवली की दिवा हाताने वर येतो. रिले बदलल्यावर मात्र आपोआप उघडला. डिकीतली बॅटरी पाहून पठाण चिडला. तिचा वायू बाहेर सोडणाऱ्या नळ्या कुणीतरी जोडल्याच नव्हत्या, शेजारचा पत्रा आम्लाने खाल्ला होता. टायर दिसायला नवे, पण पाच वर्षांपेक्षा जुना टायर तिथल्या पासिंगला चालत नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. आमच्यावर होते ०९१८. चारही बदलावे लागले, आणि मी मनात स्लॅबच्या सिमेंटच्या गोण्या मोजल्या. (आपल्या गाडीच्या टायरवरचे आकडेही एकदा वाचून पाहा.)

पासिंग झाल्यावर फजरनंतर आम्ही खोरफक्कानला निघालो. २०१९ ला झालेला हा रस्ता ८९ किलोमीटरचा, पाच बोगद्यांतून डोंगर ओलांडतो. उजाडताना हवेत गारवा होता म्हणून टप उघडला. त्याआधी मागच्या प्लॅस्टिकची चेन उघडावी लागते, नाहीतर ते तडकतं. ते काम माझ्याकडे होतं. बोगद्यात गाडीचा आवाज भिंतींवरून परत येत होता. भाऊ हसत होता. दुपट्टा दोन्ही हातांनी धरून मीही हसत होते.

खोरफक्कानचा समुद्र ओमानच्या आखाताचा. त्यापलीकडे अरबी समुद्र, त्याहीपलीकडे आपला किनारा. वाळूवर बसल्यावर मी अम्मीचा निरोप सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "स्लॅबचे पैसे वेगळे ठेवलेत, आपा. दिवाळीनंतर टाकू. पण वर राहणार कोण? मी घरी कधी येणार, हे एकोणीस वर्षांत कुणी विचारलं?"

मी विचारलं नव्हतं. मुलांची फी, भाचीचं लग्न, अब्बांचं ऑपरेशन, दर वेळी फोनवर मी दुसरंच काही विचारलं होतं.

"कधी येणार?" मी म्हटलं.

"बघू," तो म्हणाला, आणि टप लावायला उठला. ऊन चढत होतं.

संध्याकाळी अम्मीचा फोन आला. "बोललीस का त्याच्याशी?"

"बोलले," मी म्हटलं. "तूही बोल. घे, इथेच आहे."

आणि फोन भावाच्या हातात दिला. तो दाराच्या आतल्या रुळाला ग्रीस लावत होता. उजवी काच अजून हळूच चढत होती.