समुद्रपर्यटनातील वरखर्च

मुलांनी आईवडिलांना सिंगापूरहून सुटणाऱ्या बोटीची तिकिटे काढून द्यावीत, हे आता आपल्या घरांतून नवलाचे राहिलेले नाही. तेथील मरीना बे येथील नवा धक्का २०१२ साली सुरू झाला. पिनांग, फुकेत अशी बंदरे पाहून चार रात्रींत परत येता येते. तिकिटात केबिन, मुख्य भोजनगृहातील जेवण व बहुतेक करमणूक येते. तरीही ‘बरोबर पैसे किती न्यावेत?’ हा प्रश्न प्रथमच जाणाऱ्यास पडतोच.

बोटीवर रोख पैसा सहसा चालत नाही. चढताना एक कार्ड मिळते. तीच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तीच उधारीची वही. रॉयल कॅरिबियनच्या बोटींवर त्यास ‘सीपास’ म्हणतात. कार्ड दाखविले की खर्च अमेरिकन डॉलरमध्ये खात्यावर मांडला जातो. वाण्याच्या वहीवरील आकडा पाहून महिनाअखेरीस गृहिणी चमकते, तशीच गत येथे शेवटच्या रात्री होते. खात्यास क्रेडिट कार्ड जोडावे किंवा आरंभी रोख अनामत भरावी. डेबिट कार्ड दिल्यास बँक काही रक्कम अडकवून ठेवते व ती सुटण्यास बरेच दिवस लागू शकतात.

शीतपेये, खास उपाहारगृहे, इंटरनेट, छायाचित्रे आणि बंदरावरील सहली यांचे पैसे बहुधा वेगळे पडतात. पेयांच्या बिलावर १८ टक्क्यांच्या आसपास सेवाशुल्क चढते. बोटीवरील दवाखाना महाग असतो. म्हणून प्रवासविमा उतरविल्याशिवाय निघू नये.

सर्वांत अनपेक्षित खर्च बक्षिसीचा. ती माणशी, दररोज आपोआप खात्यावर पडते. अनेक कंपन्या लहान मुलांचीही आकारतात. दिवसाचे १८ डॉलर धरले, तरी चौघांच्या कुटुंबास चार रात्रींचे २८८ डॉलर होतात. काही कंपन्यांत ही रक्कम कमी करून घेता येते. परंतु केबिन आवरणाऱ्यांच्या व पाने वाढणाऱ्यांच्या मिळकतीचा तो भाग असतो. त्यांत गोव्याचे कितीतरी तारवटी असतात, आणि त्यांची घरे त्यावर चालतात. हा खर्च तिकिटातच धरून निघावे, हे उत्तम.

तिकीट विकणारे कधीकधी खात्यात काही रक्कम आगाऊ जमा करून देतात. ती दोन प्रकारची असते. एका प्रकारातील उरलेले पैसे परत मिळतात. दुसऱ्यातील शेवटच्या रात्रीनंतर बुडतात. आपली रक्कम कोणती, हे निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे व बुडणारी आधी वापरावी. सहल किंवा एखादे विशेष भोजन यांत ती सार्थकी लागते; अखेरच्या दिवशी नको असलेल्या वस्तू घेण्याची पाळी येत नाही. खात्याचा हिशेब चौकशीच्या खिडकीवर रोज पाहावा. चूक असल्यास उतरण्यापूर्वी दुरुस्त करून घेणे सोपे असते.

मुलांनी एवढे आणखी करावे. तिकिटाबरोबर आईवडिलांच्या खात्यात थोडी रक्कम स्वतः भरावी आणि ती त्यांच्यासाठीच आहे, हे स्पष्ट सांगावे. काटकसरीत जन्म काढलेली माणसे डॉलरचे रुपये करीत बसतात आणि एक पेला सरबत मागावयासही संकोचतात.